आधी पातळी, मग इक्वलायझर: बेस आणि ट्रेबल ठरवण्याचा योग्य क्रम

रात्री हळू आवाजात मिक्स केलेलं गाणं दुसऱ्या दिवशी मोठ्याने लावलं की बेस घुमायला लागतो. उलटही होतं: मोठ्या आवाजात भरदार वाटलेलं गाणं हळू लावलं की पातळ आणि पोकळ वाटतं. अशा वेळी बरेच जण स्पीकर बदलतात किंवा इक्वलायझरचा नवा प्रीसेट शोधतात. पण बहुतेक वेळा गडबड त्याआधीच झालेली असते. ऐकण्याची पातळी ठरवलेलीच नसते, आणि पातळी बदलली की आपल्या कानाचा बेस-ट्रेबलचा हिशेबही बदलतो.

घरी मिक्सिंग करणाऱ्यांसाठी, पॉडकास्टचा आवाज नीट करणाऱ्यांसाठी आणि आपल्या स्पीकरचा टोन जुळवू पाहणाऱ्यांसाठी हा क्रम आहे. पायऱ्या दिलेल्या क्रमानेच करा. दुसरी पायरी गाळून चौथीवर उडी मारली, तर पुढची सगळी मेहनत अंदाजपंचे होते.

## एवढं आधी डोक्यात पक्कं करा

कान सगळ्या वारंवारता सारख्याच ऐकत नाही, हे बहुतेकांना माहीत असतं. हा असमानपणा पातळीनुसार बदलतो, हे मात्र विसरलं जातं. समान मोठेपणाच्या वक्ररेषा नेमकं हेच दाखवतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली मांडलेल्या रेषा अजूनही सगळीकडे फिरतात, पण आज कामाला घ्यायच्या त्या आयएसओ २२६ या मानकातल्या. खालचे आकडे त्याच्या २००३ च्या आवृत्तीतले आहेत, जवळच्या पूर्णांकात.

१००० हर्ट्झचा सूर ४० डेसिबलवर जेवढा मोठा वाटतो, त्या मोठेपणाला ४० फॉन म्हणतात. तेवढंच मोठं वाटण्यासाठी १०० हर्ट्झच्या सुराला ६४ डेसिबल लागतात आणि ५० हर्ट्झला ७८. याउलट ३१५० हर्ट्झला ३६ डेसिबलच पुरतात, कारण २ ते ५ हजार हर्ट्झच्या पट्ट्यात कान सगळ्यात तीक्ष्ण असतो. कानाच्या नळीचा स्वतःचा अनुनाद साधारण याच भागात येतो.

आता पातळी वाढवून ८० फॉनवर या. इथे १०० हर्ट्झला ९२ ते ९३ डेसिबल लागतात आणि ५० हर्ट्झला १०२. म्हणजे १००० हर्ट्झच्या तुलनेत १०० हर्ट्झला ४० फॉनवर २४ डेसिबल जास्त द्यावे लागत होते, इथे १२ ते १३ पुरतात. ५० हर्ट्झचा हाच फरक ३८ वरून २२ वर येतो.

वरच्या टोकाला काय होतं, ते लक्ष देऊन वाचा, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. ८००० हर्ट्झला ४० फॉनवर १००० हर्ट्झपेक्षा साधारण १२ डेसिबल जास्त लागतात आणि ८० फॉनवर साधारण ११. फरक जवळजवळ नाहीच. आवाज कमी केला की बेस झपाट्याने मागे पडतो, ट्रेबल जवळपास जागेवरच राहतो. 'हळू आवाजात बेस आणि ट्रेबल दोन्ही उचला' हा सल्ला म्हणूनच अर्धाच खरा आहे.

इशारा: या वक्ररेषा म्हणजे इक्वलायझरचं सेटिंग नव्हे. रेषा उलटी करून स्पीकरला लावू नका. आपण जन्मल्यापासून याच कानाने ऐकतो आहोत, समोर वाजणारं वाद्यही याच कानाने ऐकतो. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नाही. उपयोग होतो तो फक्त दोन पातळ्यांवरच्या रेषांमधल्या फरकाचा. तो पायरी ६ मध्ये येईल.

आणखी एक गोष्ट. हे आकडे निरोगी कानाच्या तरुण श्रोत्यांनी, समोरून येणारे शुद्ध सूर ऐकून दिलेले आहेत. गाणं म्हणजे एकेकटे सूर नव्हेत. त्यामुळे आकडे दिशा दाखवण्यासाठी वापरा, दशांशापर्यंत ताणू नका.

## पायरी १: तयारी

कामाला बसण्याआधी हे जमवून ठेवा:

- पिंक नॉइजची (प्रत्येक सप्तकात सारखी ऊर्जा असलेल्या खरखराटाची) एक फाइल, सरासरी पातळी पूर्ण मर्यादेच्या (डिजिटल फाइलमधल्या सर्वांत मोठ्या पातळीच्या) २० डेसिबल खाली असलेली. शक्य असल्यास ५०० ते २००० हर्ट्झपुरती मर्यादित केलेली आणखी एक.
- ५०, १००, २००, १०००, ३१५० आणि ८००० हर्ट्झच्या साइन (एकाच वारंवारतेच्या शुद्ध) सुरांच्या फाइली, सगळ्या अगदी एकाच पातळीच्या.
- ध्वनिपातळी मोजणारा मीटर. नसेल तर फोनमधलं ॲप चालेल, पण त्याच्या मर्यादा पुढे वाचा.
- नॉबवर खूण करण्यासाठी कागदी चिकटपट्टी.
- तुम्हाला पूर्ण पाठ असलेली, चांगली मिक्स केलेली दोन-तीन गाणी.

पिंक नॉइजची फाइल एकदा निवडली की तीच कायम वापरा. काही मीटर पूर्ण मर्यादेच्या साइनला शून्य धरतात, काही उणे ३. त्यामुळे 'उणे २०' लिहिलेल्या दोन फाइलींमध्ये ३ डेसिबलचा फरक असू शकतो. कोणती बरोबर यावर वाद घालत बसू नका. फाइल बदलू नये, एवढंच महत्त्वाचं.

खोलीतला पंखा, एसी, संगणकाचा घरघराट जमेल तेवढा बंद करा. असा आवाज बराचसा खालच्या वारंवारतांचा असतो आणि हळू आवाजात नेमका बेसच झाकून टाकतो. कानाची मर्यादा आणि पंख्याने केलेली झाकाझाक यांत मग फरक करता येत नाही.

कानही ताजे हवेत. मोठ्या आवाजातून नुकतंच आलेलं असाल तर आज हे काम करू नका. गोंगाटानंतर कान तात्पुरता बोथट होतो, आणि हा बोथटपणा बऱ्याचदा ४००० हर्ट्झच्या आसपास जास्त असतो. अशा कानाने ठरवलेला ट्रेबल उद्या टोचतो.

## पायरी २: ऐकण्याची एक पातळी ठरवा आणि खूण करा

सगळ्या लेखात सर्वांत महत्त्वाची पायरी हीच. हिला वेळ द्या.

१. नेहमी बसता त्याच जागी मीटर ठेवा, बसल्यावर कान जिथे येतात त्या उंचीवर. मीटर स्टँडवर ठेवलेला बरा. छातीजवळ हातात धरला तर अंगावरून परतणारा ध्वनीही मोजला जातो.

२. मीटर सी-वेटिंगवर आणि 'स्लो'वर ठेवा. वेटिंग म्हणजे मीटर कोणत्या वारंवारतेला किती वजन देतो ते; सी बेस जवळजवळ कापत नाही. 'स्लो'वर आकडा सावकाश बदलतो.

३. सॉफ्टवेअरमधले सगळे फेडर (पातळीच्या सरकत्या पट्ट्या) शून्यावर, मास्टरवर (सगळा आवाज एकत्र होऊन बाहेर जातो तिथे) कोणताही प्लगइन (आवाज बदलणारं जोड-सॉफ्टवेअर) नाही, प्लेअरमधली 'आवाज समान ठेवा' प्रकारची सोय बंद.

४. आधी फक्त डावा स्पीकर, त्यातून पिंक नॉइज. आकडा ठरवलेल्या पातळीवर येईपर्यंत मॉनिटरचा, म्हणजे स्पीकरच्या आवाजाचा, नॉब फिरवा.

५. मग फक्त उजवा. दोघांत अर्ध्या डेसिबलपेक्षा जास्त फरक असेल तर स्पीकरच्या पाठीमागच्या गेनने जुळवा.

६. नॉबवर चिकटपट्टी लावून रेघ मारा. हे तुमचं शून्य.

पातळी किती? सिनेमाच्या मोठ्या मिक्सिंग सभागृहांत एका स्पीकरमागे ८५ डेसिबल सी ही प्रथा आहे. ती लहान खोलीत आणू नका. लहान खोलीत भिंती जवळ असतात, परावर्तनं लगेच कानावर येतात आणि तेवढाच आकडा फार मोठा वाटतो. घरातल्या खोलीला ७३ ते ७९ चा पट्टा योग्य. माझं मत विचाराल तर ७६ वर सुरू करा आणि आठवडाभर त्यावर काम करा. सारखं वाढवावंसं वाटत असेल तर ७८, थकवा येत असेल तर ७४. आठवड्यानंतर मात्र आकडा पक्का करा.

दोन्ही स्पीकर एकत्र मोजून हा आकडा ठरवू नका. दोन्हींकडे एकच नॉइज जात असेल तर बरोबर मध्यभागी ६ डेसिबलपर्यंत वाढ दिसते, वेगवेगळा नॉइज असेल तर साधारण ३. कोणत्या वेळी कसं मोजलं याची नोंद राहत नाही आणि महिन्याने आकडे जुळेनासे होतात.

इशारा, ए-वेटिंगबद्दल: बरीच ॲप मुळातच ए-वेटिंगवर असतात. ए-वेटिंग साधारण ४० फॉनच्या रेषेवर बेतलेलं आहे. ते १०० हर्ट्झला १९ आणि ५० हर्ट्झला ३० डेसिबल कमी मोजतं. सी-वेटिंगमध्ये ५० हर्ट्झची घट सव्वा डेसिबलच्या आसपास असते. सबवूफर किती वाजतोय हे ए-वेटिंगवर बघितलंत, तर मीटर 'फार काही नाही' म्हणेल आणि तुम्ही सबवूफर वाढवत राहाल. श्रवणाच्या सुरक्षिततेचा आकडा बघायचा तेव्हा ए वापरा, पातळी लावताना सी.

फोन वापरत असाल तर: फोनचा मायक्रोफोन बोलण्यासाठी बनवलेला असतो. अनेक फोनमध्ये खालच्या वारंवारता कापल्या जातात. म्हणून फोनने मोजताना ५०० ते २००० हर्ट्झची मर्यादित नॉइज फाइल घ्या. त्या पट्ट्यात ए आणि सी यांत फार अंतर पडत नाही आणि खोलीतल्या बेसच्या घुमण्याचाही आकड्यावर परिणाम होत नाही. आकडा दोन-चार डेसिबलनी चुकीचा असला तरी चालेल. रोज तोच राहायला हवा.

तपासणी: नॉब पूर्ण खाली आणा, डोळे मिटा, ओळखीचं गाणं लावून 'योग्य वाटेल' एवढा आवाज वाढवा. आता डोळे उघडून खूण बघा. सुरुवातीला बरंच अंतर दिसेल. काही दिवसांनी हात आपोआप खुणेच्या जवळ थांबायला लागला, तर कान त्या पातळीला सरावला असं समजा.

## पायरी ३: स्वतःचा कान ओळखा

साइन सुरांच्या फाइली आता काढा. हा प्रयोग एकदाच करायचा आहे, पण करायचा आहेच. वाचून कळणं आणि स्वतःच्या कानाने कळणं यांत फार फरक आहे.

नॉब खुणेपासून बराच खाली आणा. १००० हर्ट्झचा सूर लावा आणि शांत खोलीत शेजारी कोणी हळू बोलतंय इतपत तो ठेवा. नॉबला हात न लावता २०० वर जा. सूर थोडा मागे सरकल्यासारखा वाटेल. मग १००: आहे, पण लक्ष दिल्याशिवाय कळत नाही. मग ५०: बहुतेकांना इथे शांतताच ऐकू येते, किंवा कानावर हलका दाब असल्यासारखं काहीतरी जाणवतं. फाइल तीच, पातळी तीच, मीटरच्या पट्टीवर सूर नाचताना दिसतोय, आणि कान म्हणतो काही नाही. आता ३१५० लावा. तो १००० पेक्षाही पुढे येऊन टोचेल.

नॉब खुणेवर आणून हेच पुन्हा करा. आता ५० हर्ट्झ ऐकू तर येतोच, शिवाय बऱ्यापैकी ठळक असतो. नॉब जेवढा फिरवला त्या मानाने बेस कितीतरी जास्त वाढल्यासारखा वाटतो. कारण खाली रेषा दाटीने असतात: १००० हर्ट्झला १० फॉन वाढायला १० डेसिबल लागतात, पण ५० हर्ट्झला ४० वरून ५० फॉनवर जायला सहाच्या आसपास पुरतात.

इशारा, हा गंभीर आहे: ५० हर्ट्झ ऐकू येत नाही म्हणून नॉब वाढवून पुढचा सूर लावू नका. ४० फॉनवर ५० आणि ३१५० या दोन सुरांच्या गरजेत सुमारे ४२ डेसिबलचं अंतर आहे. वाढवलेल्या नॉबवर ३१५० चा सूर आला तर कानाला इजा होऊ शकते आणि ट्विटरही (स्पीकरमधला वरच्या वारंवारता वाजवणारा छोटा भाग) जळू शकतो. प्रत्येक सुराआधी नॉब कुठे आहे ते बघा. हेडफोनवर तर ही काळजी दुप्पट घ्या.

इथे दोन गोष्टी फसवतात.

पहिली, लहान स्पीकर. लॅपटॉप किंवा फोनच्या स्पीकरमधून ५० हर्ट्झचा सूर 'ऐकू आला' तर तो बहुधा ५० नसतोच. लहान पडदा ताणला जाऊन विकृती तयार होते, म्हणजे १००, १५०, २०० हर्ट्झचे उपसूर, आणि तेच तुम्ही ऐकता. सूर गुळगुळीत न वाटता भुणभुणल्यासारखा वाटला तर हेच समजा.

दुसरी, खोली. १०० हर्ट्झच्या लाटेची लांबी साडेतीन मीटरच्या जवळपास असते, ५० ची जवळजवळ सात मीटर. घरातल्या खोलीची मापंही तेवढीच, त्यामुळे काही जागी हे सूर एकमेकांना मारतात आणि काही जागी घुमतात.

तपासणी: ५० किंवा १०० हर्ट्झचा सूर चालू ठेवून खुर्ची अर्धा मीटर पुढे-मागे घ्या. मोठेपणा ठळकपणे बदलला तर तो कानाचा गुण नाही, खोलीचा आहे. मग हा प्रयोग चांगल्या हेडफोनवर करा, आणि स्पीकरची व बसण्याची जागा बदलून बघा. इक्वलायझरने तो खड्डा भरायला जाऊ नका. खड्डा भरत नाही, बाकीच्या खोलीत मात्र बेस बोकाळतो.

## पायरी ४: कोणता निर्णय कोणत्या पातळीवर

मिक्सिंग करताना तीन पातळ्या वापरा आणि प्रत्येकीला तिचंच काम द्या.

खुणेवर: बेस, किक (ड्रम-संचातला पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि एकूण टोन. इक्वलायझरला हात लावायचा तो फक्त इथे. दर काही मिनिटांनी पाठ असलेलं गाणं लावून बघा, पण त्याची पातळी तुमच्या मिक्सइतकी खाली आणूनच. बाजारात आलेलं गाणं मास्टर झालेलं, म्हणजे शेवटचा हात फिरवून मोठं केलेलं असतं, ते मोठं वाजणारच. ते कसं जुळवायचं ते पायरी ५ मध्ये आहे.

हळू: गायन आणि इतर वाद्यांचा तोल. नॉब इतका खाली आणा की खोलीत कोणी बोललं तर त्याला आवाज चढवावा लागणार नाही. या पातळीला बेस मागे गेलेला असतो आणि मधल्या वारंवारता उघड्या पडतात. शब्द कळतात का? स्नेअर (काठीने वाजणारा छोटा, कडक आवाजाचा ड्रम) गायनावर चढतोय का? हे प्रश्न इथे फार लवकर सुटतात. फेडर हलवा, इक्वलायझर नको.

किकचं उदाहरण जवळून बघू. खुणेवर किकचे तीन भाग वेगळे ऐकू येतात: ५० ते ८० हर्ट्झचा पोटातला धक्का, २०० ते ४०० चा डब्यासारखा भाग, आणि २ ते ५ हजारांतली काठीची 'टक'. नॉब हळूहळू खाली आणत जा. आधी धक्का जातो, मग डबा विरळ होतो, शेवटी नुसती 'टक' उरते. हे असंच व्हायला हवं. 'टक'सुद्धा उरली नाही तर हळू आवाजात ऐकणाऱ्याला ठेकाच मिळणार नाही.

बेसची ओळही हळू आवाजात पूर्ण गायब होत असेल तर हात आपोआप ६० हर्ट्झकडे जातो. तिथे जाऊ नका. मोठ्या आवाजात तेच पहिल्यांदा घुमेल. त्याऐवजी बेसला हलकं सॅच्युरेशन (मुद्दाम घातलेली थोडी विकृती) देऊन १५० ते ४०० हर्ट्झमधले उपसूर वाढवा. मूळ सूर दबलेला असला तरी उपसुरांच्या रचनेवरून मेंदू त्याची उंची ओळखतो. लहान स्पीकरवर बेसची ओळ कळते ती याच कारणाने.

मोठ्याने: फक्त तपासायला, मिनिट-दीड मिनिट. खुणेपेक्षा ६ ते ८ डेसिबल वर. इथे बघायचं ते एवढंच की बेस चिखल करतो का आणि स, श ही अक्षरं कानात घुसतात का. जे खटकलं ते कागदावर लिहा, नॉब खुणेवर आणा आणि मगच दुरुस्त करा. मोठ्या आवाजाला मधल्या कानातला स्नायू आकसतो आणि मुख्यतः खालच्या वारंवारता दाबतो. म्हणजे तिथे बसून बेस ठरवला तर बदललेल्या कानाने ठरवला असं होतं.

चूक जी सगळेच करतात: नॉब नकळत वर सरकत जातो. कान थकतो, गाणं बोथट वाटतं, आपण थोडं वाढवतो, कान आणखी थकतो. दोन तासांनी खुणेपेक्षा बरंच वर असतो आणि 'बेस जास्त झालाय' म्हणून कापायला लागतो. दर तासाला कान शांत ठेवा आणि परत आल्यावर सगळ्यात आधी चिकटपट्टीवरची रेघ बघा.

किती वेळ ऐकायचं यालाही मर्यादा आहे. अमेरिकेतल्या निऑश या संस्थेची कामाच्या जागेसाठीची शिफारस ८५ डेसिबल ए ला आठ तास अशी आहे, आणि प्रत्येक ३ डेसिबलला वेळ निम्मा होतो: ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक. जागतिक आरोग्य संघटनेचं मोठ्यांसाठीचं प्रमाण आठवड्याला ४० तास, ८० डेसिबल. कानात शिट्टी वाजल्यासारखं वाटलं तर काम तिथेच थांबवा.

## पायरी ५: तुलना करताना पातळी जुळवा

दोन आवृत्त्यांपैकी कोणती चांगली, हे ठरवताना जी मोठी वाजते तीच बहुधा जिंकते. डेसिबलभर फरक असला तर तो 'मोठं' असा जाणवतही नाही, 'भरदार', 'मोकळं', 'स्पष्ट' असा जाणवतो. पातळी वाढली की बेस पुढे येतो, त्यामुळे ही फसवणूक साध्या मोठेपणापेक्षा खोल असते. इक्वलायझरचे कितीतरी निर्णय फक्त या एका कारणाने चुकतात.

१. दोन्ही आवृत्त्यांचा तोच भाग निवडा, तीसेक सेकंदांचा, ज्यात सगळी वाद्यं आहेत.

२. लाउडनेस मीटरवर दोन्हींचं एलयूएफएस (कानाला किती मोठं वाटेल याचं डेसिबलसारखं माप) मोजा. संपूर्ण गाण्याचं नको, त्याच भागाचं.

३. जी मोठी आहे ती खाली आणा. लहान वर नेऊ नका, क्लिपिंगची (मर्यादा ओलांडून आवाज फाटण्याची) भीती असते.

४. फरक ०.२ च्या आत आणा. अर्ध्या डेसिबलवर समाधान मानू नका.

५. शक्य असल्यास कोणती वाजतेय हे न बघता अदलाबदल करा. डोळे मिटून बटण काही वेळा दाबलं की क्रम आपोआप विसरतो.

६. कौल लिहून ठेवा, मगच बघा.

इक्वलायझर चालू-बंद करून तुलना करतानाही हेच. १०० हर्ट्झच्या खाली ४ डेसिबलचा शेल्फ (त्याखालचं सगळं एकत्र उचलणारं सेटिंग) उचलला आणि मीटर एक एलयूने (एका डेसिबलने) वर गेला, तर प्लगइनचा आउटपुट तेवढाच खाली आणा. त्यानंतरही ते चांगलं वाटलं तरच ठेवा. बऱ्याचदा वाटत नाही.

इशारा: एलयूएफएसमधलं वजन ठरलेलं असतं, तुम्ही हळू ऐकताय की मोठ्याने हे मीटरला कळत नाही. दोन आवृत्त्यांच्या बेसमध्ये मोठा फरक असेल, तर आकडे जुळले तरी हळू आवाजात एक लहान वाटेल. अशा वेळी शेवटची जुळवणी गायनावर करा: दोन्हींत गायकाचा आवाज तेवढाच जवळ वाटायला हवा.

## पायरी ६: हळू ऐकायचं असेल तर किती भरपाई

हा भाग मिक्स करणाऱ्यांसाठी नाही, निवांत ऐकणाऱ्यांसाठी आहे. मिक्सच्या फाइलमध्ये ही भरपाई कधीही घालू नका. ती ऐकणाऱ्याच्या यंत्रात असते.

आधी ठरवा की खुणेपासून किती खाली ऐकता. मीटर नसेल तर ॲम्प्लिफायरवरचा डेसिबलचा आकडा वाचा. ८० फॉनवरून ६० वर, म्हणजे २० डेसिबल खाली आलात तर रेषांमधला फरक असा निघतो:

- ५० हर्ट्झला साधारण ८ डेसिबल
- १०० हर्ट्झला साधारण ६
- २०० हर्ट्झला साधारण ४
- ८००० हर्ट्झला जवळपास शून्य

४० डेसिबल खाली आलात तर पहिले तीन आकडे साधारण १६, १२ आणि साडेसात होतात. एवढं उचलायला बहुतेक लहान स्पीकर तयार नसतात, म्हणून तिकडे जाऊ नका.

क्रम असा: १५० हर्ट्झच्या आसपासचा रुंद लो शेल्फ घ्या. वरच्या यादीतल्या आकड्याच्या निम्म्यावर सुरू करा, म्हणजे २० डेसिबल खाली असाल तर ३ ते ४. दोन-तीन गाणी ऐका. पुरुषाचं बोलणं लावून बघा: निवेदक पेटीत बसून बोलतोय असं वाटलं तर शेल्फ फार वरपर्यंत पोचला आहे, वारंवारता ११० वर आणा. मग हवं असेल तर एकेक डेसिबल वाढवा. ट्रेबल आहे तिथेच राहू द्या. हळू आवाजात ट्रेबल कमी वाटत असेल तर आधी स्पीकरचं तोंड कानाकडे आहे का ते बघा.

ॲम्प्लिफायरवर 'लाउडनेस' बटण असेल तर ते साधारण हेच करतं, पण अनेक यंत्रांत ते ट्रेबलही उचलतं. शिवाय तुमच्या स्पीकरची संवेदनशीलता त्याला माहीत नसते, त्यामुळे कोणत्या खऱ्या पातळीला किती भरपाई द्यायची हे ते अंदाजानेच ठरवतं.

तपासणी: भरपाई लावून आवाज खुणेपर्यंत वाढवा. आता बेस स्पष्टपणे जास्त वाटायला हवा. वाटला नाही, तर एकतर भरपाई लागलेलीच नाही किंवा स्पीकर खाली वाजतच नाही.

चूक: रात्री लावलेली भरपाई सकाळी मोठ्या आवाजातही तशीच राहते. प्रीसेटला 'हळू' असं नाव देऊन वेगळा ठेवा. सबवूफर असेल तर त्याची पातळी या कामासाठी हलवू नका. ती एकदा लागली की तिथेच राहते.

## पायरी ७: हेडफोन

हेडफोनसमोर मीटर धरून मिळणारा आकडा फार विश्वासाचा नसतो. त्याऐवजी स्पीकर खुणेवर ठेवून मर्यादित पिंक नॉइज ऐका, हेडफोन लावा, तोच नॉइज तेवढाच मोठा वाटेपर्यंत हेडफोनचा नॉब फिरवा, पुन्हा काढा, पुन्हा लावा. चार-पाच अदलाबदलीत नॉब एका जागी स्थिरावतो. तिथे दुसरी खूण.

हेडफोनवर बेसचा धक्का अंगाला लागत नाही, त्यामुळे बेस कमी वाटून पातळी वाढवण्याकडे हात जातो. खूण ओलांडू नका. कानात घालायच्या इअरफोनची टोपी नीट बसली नाही तर बेस सरळ गळून जातो. टोन ठरवण्याआधी वेगळ्या मापाची टोपी लावून बघा.

## खूण कधी पुन्हा तपासायची

स्पीकर हलवला, खुर्ची बदलली, ऑडिओ इंटरफेस बदलला, संगणकाची मोठी अपडेट झाली, खोलीत पडदा किंवा कपाट आलं, की पायरी २ पुन्हा. काहीच बदललं नसेल तरी महिन्यातून एकदा तीच पिंक नॉइजची फाइल वाजवून आकडा बघा. एक डेसिबलपेक्षा जास्त सरकला असेल तर आधी सॉफ्टवेअरमधला एखादा फेडर शून्यावरून हलला आहे का ते तपासा. बहुतेक वेळा घोळ तिथेच सापडतो. तिथे काही मिळालं नाही तरच चिकटपट्टी काढा आणि नवी रेघ मारा.